क्युपर्टिनो-सनीवेलची पाच सरकारी हायस्कूलं: फरक शाळेचा की वस्तीचा?

रानजाई

नमस्कार मंडळी. जुलैमध्ये आम्ही पुण्याहून कॅलिफोर्नियातल्या सनीवेलला येतोय. नवऱ्याचं ऑफिस तिथेच आहे. मुलीची आठवी आत्ता संपली, म्हणजे तिकडे आल्यावर ती थेट नववीत, हायस्कूलच्या पहिल्या वर्षात बसेल. धाकटा सहावीत जाईल.

भाड्याचं घर शोधायला लागल्यापासून एकच वाक्य चहूकडून ऐकतेय: "मॉन्टा व्हिस्टा नाहीतर लिनब्रुक मिळत असेल तरच घर घ्या." एजंट तेच सांगतो, नवऱ्याचे सहकारी तेच सांगतात. त्या दोन शाळांच्या हद्दीत आमच्या बजेटमध्ये दोन बेडरूमचं जुनं अपार्टमेंट बसतंय. होमस्टेड किंवा फ्रीमाँटच्या हद्दीत तेवढ्याच भाड्यात बरंच मोकळं घर मिळतंय, आणि तिथून नवरा सायकलने ऑफिसला जाऊ शकेल.

मुलीबद्दल थोडं सांगते. चित्रकला मनापासून आवडते, व्हायोलिन वाजवते, गणित चांगलं आहे पण त्याचं वेड नाही. नव्या ठिकाणी रुळायला वेळ घेते.

पुण्यात अकरावीचं कॉलेज मुलांच्या टक्क्यांवर ठरतं. इथे शाळा घराच्या पत्त्यावर ठरते. मग या पाच शाळांची जी उतरंड लावली जाते ती शिकवण्याची आहे की आसपास कोण राहतं याची? ज्यांची मुलं इथे शिकली त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

सनीवेलकर

रानजाई, स्वागत. माझी दोन्ही मुलं याच डिस्ट्रिक्टमधून (म्हणजे सरकारी शाळा चालवणारी स्थानिक संस्था) शिकली, एक होमस्टेडमधून, आणि मध्येच घर बदलल्यामुळे दुसरं क्युपर्टिनो हायमधून. त्यामुळे जरा लांबण लावतो.

आधी नावांचा गोंधळ. डिस्ट्रिक्टचं नाव फ्रीमाँट युनियन हायस्कूल डिस्ट्रिक्ट. सॅन फ्रान्सिस्को बेच्या (उपसागराच्या) पूर्वेला फ्रीमाँट नावाचं शहर आहे, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. त्या शहराचं फ्रीमाँट युनिफाइड हे वेगळंच डिस्ट्रिक्ट आहे. नेटवर शोधताना लोक एकाचे आकडे दुसऱ्याला चिकटवतात. आपल्या डिस्ट्रिक्टमध्ये पाच हायस्कूलं आहेत. फ्रीमाँट हाय सगळ्यांत जुनं, १९२३ पासूनचं, आणि ते आहे सनीवेलमध्ये. मग क्युपर्टिनो (१९५८), होमस्टेड (१९६२), लिनब्रुक (१९६५) आणि मॉन्टा व्हिस्टा (१९६९). लिनब्रुकचा पत्ता सॅन होजेचा आहे. होमस्टेड क्युपर्टिनो शहरात असलं तरी तिथे सनीवेलची भरपूर मुलं येतात. क्युपर्टिनो मिडल स्कूल चक्क सनीवेलमध्ये आहे. म्हणून घराच्या जाहिरातीत 'क्युपर्टिनो स्कूल्स' असं लिहिलेलं दिसलं तर त्यावर विसंबू नका. डिस्ट्रिक्टच्या साइटवर पत्ता टाकून शाळा बघायची सोय आहे, तेवढीच खरी माना.

आता मुद्द्याचं. या पाचही शाळांना पैसा एकाच तिजोरीतून येतो. कॅलिफोर्नियात बहुतेक डिस्ट्रिक्टना राज्याच्या सूत्राप्रमाणे दर विद्यार्थ्यामागे निधी मिळतो. ज्या डिस्ट्रिक्टमधला मालमत्ता कर त्या सूत्राच्या रकमेच्या वर जातो त्यांना वरचा पैसा ठेवता येतो, आणि आपलं डिस्ट्रिक्ट त्यांतलं आहे. ॲपल आणि आजूबाजूच्या महागड्या घरांचा कर इथे येतो आणि तो पाचही शाळांसाठी असतो. मॉन्टा व्हिस्टाच्या टेकडीवरच्या बंगल्यांचा कर फक्त मॉन्टा व्हिस्टाला जात नाही. शिक्षकांची पगारश्रेणी एक, करार एक, पदवीच्या अटी एक. २०१८ मध्ये मतदारांनी साडेसत्तावीस कोटी डॉलरचे रोखे मंजूर केले, त्यातूनही पाचही ठिकाणी बांधकामं झाली.

म्हणजे ज्या गोष्टी डिस्ट्रिक्टच्या हातात आहेत त्या बऱ्याच अंशी समान आहेत. जे समान नाही ते हद्दीतून येतं: कोणाचे आईबाप किती शिकलेत, कोणाच्या घरी इंग्रजी बोलतात, कोणाला क्लास परवडतो. रँकिंगमध्ये जो फरक दिसतो त्यात याचाच वाटा सगळ्यांत मोठा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. केवळ शाळेच्या नावासाठी दोन बेडरूममध्ये चौघांनी चार वर्षं दाटीवाटीने राहावं असं मला मुळीच वाटत नाही.

आणि धाकट्याचाही विचार करा. हायस्कूल डिस्ट्रिक्टमध्ये फक्त नववी ते बारावी येते. आठवीपर्यंतच्या शाळा वेगळ्या डिस्ट्रिक्टच्या, क्युपर्टिनो युनियन नाहीतर सनीवेल. एकाच हायस्कुलात दोन्हींकडून मुलं येतात. घराचा पत्ता दोन्ही नकाशांवर तपासावा लागतो. सनीवेलचा ईशान्येकडचा भाग तर सँटा क्लारा युनिफाइडमध्ये जातो, तिथे या पाचांपैकी एकही शाळा लागत नाही.

बोरकूट

सनीवेलकर, पैशाबद्दल आणि शिक्षकांबद्दल पूर्ण सहमत. पण 'फक्त वस्तीचा फरक' म्हणून तो बाजूला सारता येत नाही. कारण मूल शाळेत जातं तेव्हा त्या वस्तीतल्याच मुलांबरोबर बसतं.

माझा मुलगा मॉन्टा व्हिस्टाचा. त्याला गणिताचं खरोखरच वेड होतं. तिथे त्याला मधल्या सुट्टीत फळ्यावर कोडी सोडवणारी पोरं भेटली, त्याच्यापेक्षा हुशार, आणि त्यांच्यामुळे तो जे शिकला ते कुठल्याही शिक्षकाने किंवा क्लासने शिकवलं नसतं. भारतात असताना वर्गात पहिला येणारा मुलगा होता, इथे पहिल्यांदा त्याला तोडीस तोड सोबत मिळाली. त्याचा चेहरा खुलला. मी ते डोळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे 'सगळ्या शाळा सारख्याच' असं मला म्हणवत नाही.

मात्र रानजाईंच्या मुलीचं वर्णन वाचून मी त्यांना मॉन्टा व्हिस्टासाठी जिवाचा आटापिटा करा असं सांगणार नाही. गणित चांगलं पण वेड नाही, रुळायला वेळ लागतो. अशा मुलीला पहिल्या वर्षी जरा हात-पाय पसरायला जागा हवी. आजूबाजूची निम्मी मुलं उन्हाळ्यातच पुढच्या वर्षाचं गणित शिकून आलेली असतात. त्याचा काही मुलांना हुरूप येतो, काही मिटून जातात. आपलं मूल कोणत्या जातकुळीचं आहे हे आईबापांना बऱ्यापैकी माहीत असतं.

कोकणी_गणित

आकडे कसे वाचायचे ते सांगतो, कारण या चर्चेत सगळे रँकिंगच्या साइटवर शाळेला १० पैकी किती गुण तेच धरून बसतात.

कॅलिफोर्नियात हायस्कूलच्या मुलांची राज्याची इंग्रजी आणि गणिताची परीक्षा फक्त अकरावीत होते. तुम्ही बघता त्या शाळांच्या गुणांकनात या निकालाचा मोठा हिस्सा असतो. आता मॉन्टा व्हिस्टाच्या अकरावीतल्या मुलांनी गणितात चांगले गुण मिळवले याचा अर्थ शाळेने त्यांना ते शिकवलं असा होतोच असं नाही. बरीच मुलं नववीत येतानाच पुढे असतात. शाळेने किती भर घातली ते या आकड्यातून कळत नाही.

एक करा. राज्याच्या निकालांच्या साइटवर शाळा निवडल्यावर विद्यार्थ्यांचे गट निवडता येतात. त्यात पालकांच्या शिक्षणानुसारही गट आहेत: शाळा अर्धवट सोडलेले, कॉलेज झालेले, पदव्युत्तर शिकलेले. तुम्ही दोघं पदव्युत्तर असाल तर पाचही शाळांचा तोच गट काढा आणि एकमेकांशेजारी ठेवून बघा. तुमच्या मुलीची तुलना त्या गटाशी व्हायला हवी, पूर्ण शाळेच्या सरासरीशी नाही. दोन-तीन वर्षांचे निकाल बघा, एका वर्षात लहान गटाचे आकडे फार वरखाली होतात.

हे काही माझं नवं संशोधन नाही. १९६६ मध्ये समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांचा अहवाल अमेरिकी सरकारने प्रसिद्ध केला, त्यातही शाळांच्या साधनसामग्रीपेक्षा घरच्या परिस्थितीचा निकालांशी जास्त संबंध दिसला होता. सोबतच्या मुलांचाही परिणाम त्यांना दिसला होता, म्हणजे बोरकूट म्हणतात त्यातही तथ्य आहे. पण कोलमन यांना तो जास्त करून गरीब घरांतल्या मुलांच्या बाबतीत दिसला. सुशिक्षित घरातल्या मुलांवर शाळा बदलल्याने तुलनेने कमी फरक पडत होता. रानजाईंसाठी ही दिलाशाची गोष्ट आहे.

शिवाय प्रत्येक सरकारी शाळेला दरवर्षी एक अहवाल जाहीर करावा लागतो, त्यात वर्गातली मुलांची संख्या, शिक्षकांची पात्रता, इमारतीची अवस्था सगळं असतं. आणि मान्यतेच्या नूतनीकरणासाठी शाळा स्वतःचं परीक्षण लिहून काढते. तो दस्तऐवज जाडजूड असतो, पण आपल्याकडे काय कमी पडतंय हे शाळा त्यात स्वतःच्या हाताने लिहिते. रँकिंग बघण्यात जो वेळ जातो त्यातला अर्धा तास तरी तिकडे द्या.

तिसरीघंटा

फ्रीमाँट हायबद्दल कोणी लिहिणार की नाही याची वाट बघत होते. शेवटी मीच लिहिते.

आमच्या मराठी लोकांत फ्रीमाँटचं नाव काढलं की आवाज खाली येतो. "बरं आहे, पण..." या 'पण'च्या पुढे कोणी बोलत नाही. बोलायचं असतं ते हे, की तिथे लॅटिनो कुटुंबांतली मुलं खूप आहेत, अनेकांचे पालक हॉटेलात, बागकामात, सफाईच्या कामात आहेत, आणि त्यामुळे सरासरी खाली दिसते. माझी मुलगी चार वर्षं त्या शाळेत होती. तिने कॅल्क्युलस केलं, एपीचे (शाळेतच शिकवले जाणारे कॉलेजच्या पातळीचे) विषय केले, फिजिक्सच्या शिक्षकांनी तिला संध्याकाळी थांबून शिकवलं. तिची सगळ्यांत जवळची मैत्रीण तिच्या घरातली कॉलेजला जाणारी पहिली मुलगी. अशा मुलांसाठी शाळेत अविड नावाचा कार्यक्रम आहे: नोट्स कशा काढायच्या, अर्ज कसा भरायचा, शिष्यवृत्ती कशी शोधायची हे रोजच्या तासात शिकवतात. ज्या मुलांच्या घरी हे सांगणारं कोणी नाही त्यांना हात देणारी शाळा वाईट कशी?

रोबॉटिक्सचं उदाहरण घ्या. फर्स्ट स्पर्धेत या डिस्ट्रिक्टच्या पाचही शाळांचे संघ आहेत. मॉन्टा व्हिस्टाचा ११५ क्रमांकाचा, होमस्टेडचा ६७०, लिनब्रुकचा ८४६, क्युपर्टिनोचा २४७३, आणि आमचा फ्रीमाँटचा ३५०१, फायरबॉट्स. क्रमांक नोंदणीच्या क्रमाने मिळतो, म्हणून आमचा मोठा. पण यंत्र बनवायला, रात्री जागायला, हरून परत उभं राहायला पाचही ठिकाणी मिळतं. संघ मोठा असला की नव्या मुलाला पान्हा हातात मिळायलाच वर्ष जातं, हेही लक्षात घ्या.

मला आपल्या लोकांना कळकळीने सांगायचंय: ज्या शाळेत कधी पाऊल टाकलं नाही तिच्याबद्दल नव्याने येणाऱ्या माणसाला घाबरवू नका.

सह्याद्रीपल्याड

तिसरीघंटा ताई, अनुमोदन.

एक व्यावहारिक गोष्ट. पत्त्याचे पुरावे इथे फार काटेकोरपणे तपासतात. भाडेकरार, विजेचं बिल, सगळं दोघा पालकांपैकी एकाच्या नावावर हवं. मावशीच्या पत्त्यावर नाव घालू, नंतर बघू, असले सल्ले कोणी दिले तर ऐकू नका. भाड्याने राहणाऱ्यांचे कागद पुन्हा मागवले जातात. घर बदललं तर लगेच कळवायचं.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. कोकणी_गणित, तुम्ही सांगितलेला गट लावून बघितला. संपूर्ण शाळांच्या सरासरीत जो फरक बघून मी घाबरले होते तो माझ्या पुरता बराच वेगळा दिसला. नवऱ्यालाही दाखवलं.

आता पुढची भीती: कॉलेज. 'साध्या' शाळेतून गेलं तर बर्कलीला किंवा यूसीएलएला प्रवेश मिळत नाही, असं दोघांनी सांगितलं. खरं आहे का?

पाऊलवाट

खरं नाही. आणि युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया म्हणजे यूसीच्या (बर्कली, यूसीएलए ही तिचीच केंद्रं) बाबतीत तर नियमच थोडा उलट्या बाजूला झुकतो.

यूसी एसएटी या प्रवेशपरीक्षेचे गुण २०२१ पासून प्रवेशासाठी अजिबात बघत नाही. मग उरतात शाळेतले गुण, घेतलेले विषय, निबंध आणि बाकीचं. गुणांची सरासरी काढताना नववी धरत नाहीत. नववीनंतरच्या उन्हाळ्यापासून अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंतचे विषय धरतात. एपी किंवा ऑनर्स विषयांचा जादा गुण जास्तीत जास्त आठ सत्रांपुरता मिळतो, त्यातली दहावीची चारच. म्हणजे कोणी पंधरा एपी केले तरी त्या सरासरीत जादा गुण आठ सत्रांचेच. नववीत रुळायला वेळ लागला म्हणून यूसीचं दार बंद होत नाही. तुमच्या मुलीसाठी मला ही फार चांगली गोष्ट वाटते. (विषय पास मात्र व्हायला हवेत, नववीचेही लागतात.)

दुसरं. अर्ज वाचणारे मुलाला त्याच्या शाळेच्या संदर्भात वाचतात. शाळेत काय उपलब्ध होतं, त्यातलं मुलाने काय घेतलं. शिवाय एक तरतूद अशी आहे की आपल्या शाळेच्या वरच्या ९ टक्क्यांत बसणाऱ्या मुलाला, त्याने अर्ज केलेल्या कुठल्याच यूसीत प्रवेश मिळाला नाही तरी, जिथे जागा असेल अशा एका यूसीत जागा देऊ करतात. ती रेघ प्रत्येक शाळेची वेगळी असते आणि त्या शाळेच्या आधीच्या मुलांच्या गुणांवरून ठरते. जिथे सगळ्यांचीच गुणांची सरासरी ४ च्या वर आहे तिथे रेघ किती वर असेल विचार करा. बर्कली यातून मिळत नाही, जागा बहुतेक करून मर्सेडला असते. पण तेच मूल एका शाळेत ९ टक्क्यांत बसेल आणि दुसऱ्या शाळेत बसणार नाही, हे खरं आहे.

तिसरं, डी अँझा कॉलेज. क्युपर्टिनोतच आहे. हायस्कूलच्या मुलांना तिथे अर्धवेळ विषय घेता येतात आणि ट्यूशन फी माफ असते. पाचही शाळांची मुलं जातात. एखादा चित्रकलेचा विषय शाळेत नसेल तर तिथे मिळू शकतो. आणि बारावीनंतर दोन वर्षं डी अँझा करून यूसीत बदली घेणारी मुलं भरपूर आहेत. डेव्हिस, अर्व्हाइन, सँटा बार्बरा, सँटा क्रूझ, रिव्हरसाइड, मर्सेड या सहा ठिकाणी अटी पूर्ण केल्या तर बदलीची हमी मिळते. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो त्यात नाहीत. हा रस्ता आपल्या घरांत कमीपणाचा का मानतात मला कधीच कळलं नाही. माझ्या मुलाने तो घेतला, आणि मला त्याचा अभिमान आहे.

मिनी_होमस्टेड

मी मोठ्यांच्या चर्चेत बोलतेय. माझं मराठी इथल्या रविवारच्या शाळेतलं आहे, चुकलं तर सांगा.

मी होमस्टेडला होते. बाहेरचे लोक ॲपलचे स्टीव जॉब्स आणि वॉझ्नियाक आमच्या शाळेचे एवढंच सांगतात. मला आठवतो तो बँड. आमचा मार्चिंग बँड मोठ्या स्पर्धांना जातो आणि ऑगस्टपासून रोज संध्याकाळी सराव असतो. नवीन मुलांसाठी याच्यासारखं काही नाही, कारण शाळा सुरू व्हायच्या आधीच तुमचे मित्र झालेले असतात. पण काकू, मार्चिंग बँडमध्ये व्हायोलिन नसतं! तुमच्या मुलीला ऑर्केस्ट्रा बघावा लागेल. प्रत्येक शाळेच्या संगीताच्या सरांना ईमेल करा, कुठल्या पातळीचे गट आहेत विचारा, ते उत्तर देतात. चित्रकलेसाठी पण तसंच, पोर्टफोलिओचा एपी विषय आहे का ते कोर्सच्या यादीत बघा.

अजून एक. शाळा खरी कशी आहे ते बघायचं तर मुलांची वर्तमानपत्रं वाचा. मॉन्टा व्हिस्टाचं एल एस्टोके, लिनब्रुकचं द एपिक, आमचं द एपिटाफ, क्युपर्टिनोचं द प्रॉस्पेक्टर. सगळी ऑनलाइन आहेत. कॉपी, झोप, एकटेपणा, बाथरूम, जेवणाची रांग, सगळ्यावर मुलं स्पष्ट लिहितात. मोठे लोक जे प्रश्न व्हॉट्सॲपवर विचारतात त्यांची उत्तरं मुलांनी आधीच लिहून ठेवली आहेत. तुमच्या मुलीलाच वाचायला द्या. शाळेत तिला जायचंय.

ताणाबद्दल: तो पाचही शाळांमध्ये आहे. २०२२ पासून राज्याच्या कायद्याने हायस्कूल सकाळी साडेआठच्या आधी सुरू करता येत नाही, त्याने थोडा फरक पडला. पण झोप मुख्यतः घरी ठरते. माझ्या आईने मला एपी किती घेतेस विचारलं नाही, किती वाजता झोपतेस विचारलं. त्यासाठी मी तिची कायम ऋणी आहे.

बोरकूट

मिनी, छान लिहिलंस. वर्तमानपत्रांचा सल्ला मला सगळ्यांत पटला.

अश्विनी_ई

माझा मुद्दा थोडा वेगळा आहे, पण पुढे कोणाला तरी उपयोगी पडेल. माझ्या मुलाला वाचनाची अडचण आहे, त्याला आयईपी आहे, म्हणजे त्याच्या गरजेप्रमाणे कायद्याने बांधलेली लेखी योजना. अशा मुलांच्या पालकांनी रँकिंग बघूच नये. हा केंद्रीय कायदा आहे आणि कुठल्याही सरकारी शाळेला तो पाळावाच लागतो. तरी पाळण्यापाळण्यात फरक पडतो. एका शाळेत, नाव लिहीत नाही, मुलाच्या बैठकीला आलेल्या शिक्षकाने योजना वाचलेलीही नव्हती. दुसऱ्या शाळेत केस मॅनेजर दर आठवड्याला स्वतःहून लिहायची. दोन्ही याच परिसरातल्या, दोन्हींचं नाव मोठं.

अशा मुलांसाठी शाळेत जाऊन एकच प्रश्न विचारा: माझ्या मुलाची जबाबदारी कोणाकडे असेल आणि त्यांच्याकडे अशी एकूण किती मुलं आहेत? त्या उत्तरावर निर्णय घ्या.

सनीवेलकर

आणखी दोन गोष्टी, मग थांबतो.

२००५ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने याच दोन शाळांवर, मॉन्टा व्हिस्टा आणि लिनब्रुकवर, लेख छापला होता. गोरी कुटुंबं तिथून निघून चालली आहेत, कारण आशियाई मुलांमुळे अभ्यासाची स्पर्धा फार वाढली असं त्यांना वाटतंय, असा त्याचा सूर. त्यावर इथे खूप वादळ झालं. मला त्यातलं एक अजून विचारात पाडतं: ज्या कारणासाठी एक समाज घर विकून त्या शाळेकडे धावत होता, त्याच कारणासाठी दुसरा तिथून बाहेर पडत होता. शाळा तीच, शिक्षक तेच.

दुसरं, पट घटतोय. घरं इतकी महाग झाली की तरुण कुटुंबांना घेता येत नाहीत. जुने मालक हलत नाहीत, कारण १९७८ च्या प्रॉपोझिशन १३ मुळे त्यांच्या घराचा कर खरेदीच्या किमतीवर बांधलेला आहे आणि वर्षाला २ टक्क्यांपेक्षा जास्त वाढत नाही. मुलं मोठी होऊन गेली, घर तसंच. क्युपर्टिनो युनियनने २०२२ मध्ये मायरहोल्झ आणि रेग्नार्ट या दोन प्राथमिक शाळा बंद केल्या. लिनब्रुकचा पट राखायला हायस्कूल डिस्ट्रिक्टने इतर हद्दींतल्या मुलांना अर्ज करून तिथे यायची वाट उघडली होती. ही सोय दरवर्षी असेलच असं नाही, प्रवेश कार्यालयात फोन करून विचारा. पण जी शाळा लोक हद्दीत घर घेऊन गाठू बघतात तिलाच मुलं हवी आहेत, हे घर शोधणाऱ्यांना कोणीच सांगत नाही.

मुलं कमी झाली की एखाद्या विषयाचा वर्ग भरत नाही, मग तो विषय एक वर्षाआड होतो किंवा बंद पडतो. म्हणून तुमच्या मुलीचे दोन-तीन आवडीचे विषय यंदा त्या शाळेत खरंच चालू आहेत का, हे समुपदेशकाला विचारून घ्या. यादीत नाव असणं आणि वर्ग भरणं यात अंतर असतं.

रानजाई

आम्ही ठरवलं. मुलीने चारही वर्तमानपत्रं वाचली आणि फ्रीमाँट आणि होमस्टेड या दोघांच्या संगीत शिक्षकांना स्वतः ईमेल लिहिली. दोघांचीही उत्तरं आली. होमस्टेडच्या हद्दीतलं एक घर मिळतंय, तिला शाळेत चालत जाता येईल. धाकट्याच्या शाळेचा पत्ताही तपासला.

आता शेवटचं: प्रवेशासाठी इथून निघतानाच काय काय घेऊन यावं?

कोकणी_गणित

उत्तम. यादी अशी.

गणिताची पातळी शाळा ठरवते. आपल्याकडे बीजगणित आणि भूमिती दरवर्षी थोडी थोडी, इथे एक वर्ष बीजगणित, एक वर्ष भूमिती असे वेगळे विषय. नुसती गुणपत्रिका दाखवली तर समोरच्याला काही बोध होत नाही आणि मूल एक पायरी खाली बसू शकतं. सहावी ते आठवीच्या गणिताच्या पुस्तकांची अनुक्रमणिका इंग्रजीत सोबत आणा, गुणपत्रिका शाळेच्या शिक्क्यासह आणा, आणि पातळीची चाचणी असेल तर देऊ द्या. एक पायरी वर बसवण्यासाठी भांडू नका, तिला झेपेल तिथे बसू द्या.

फॉर्ममध्ये घरची भाषा विचारतात. तिथे मराठीच लिहा. मग पहिल्या तीस दिवसांत इंग्रजीची एक चाचणी घेतात. ती टाळण्यासाठी 'इंग्रजी' लिहा असा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. अजिबात लिहू नका. इंग्रजी माध्यमातल्या मुलीला ती चाचणी जड जाऊ नये, आणि काही अडलं तर मदत मिळेल. घरी मराठी बोलतो हे लपवायचं कारणच काय?

तिसरीघंटा

आणि लसी! कॅलिफोर्नियात २०१६ पासून वैयक्तिक मताच्या किंवा श्रद्धेच्या कारणावरून सूट मिळत नाही. सातवी आणि त्यापुढच्या मुलांना टीडॅप (धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकल्याची लस) लागते, ती वयाच्या सातव्या वाढदिवसानंतर घेतलेली हवी. कांजिण्यांचे दोन डोस हवेत. पुण्यात बऱ्याच मुलांचा एकच झालेला असतो, तो आत्ताच तपासून घ्या, कारण दोन डोसांत अंतर ठेवावं लागतं. गोवर-गालगुंड-रुबेला, पोलिओ, हेपॅटायटिस बी यांच्या तारखा एका कागदावर डॉक्टरांच्या सही-शिक्क्यासह इंग्रजीत घ्या. शिवाय सँटा क्लारा काउंटीचा क्षयरोगाचा वेगळा फॉर्म असतो, तो इथल्या डॉक्टरांकडून भरून घ्यावा लागतो. भारतातून आलेल्या मुलांना बहुतेक वेळा रक्ताची चाचणी सांगतात. शाळा ऑगस्टच्या मध्यात सुरू होते आणि जुलैअखेरीस डॉक्टरांची वेळ मिळत नाही, तेव्हा तिकीट हातात आलं की लगेच इथल्या दवाखान्याची अपॉइंटमेंट घेऊन टाका.